डोणी, डोंगर आणि घनता

गावाकडचं घर आम्ही विकलं हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहेच. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. साताऱ्याकडचं आमचं जुनं घर, मागे गोठा, गोठ्याच्या दारात दगडी डोणी. आजोबांनी पाथरवट बसवून ती अखंड काळ्या दगडातून कोरून घेतली होती. गुरं त्यात पाणी प्यायची आणि आम्ही पोरं मे महिन्यात त्यातच डुंबायचो. (ताई, तू एकदा त्यात बेडूक आहे म्हणून किंचाळत पळाली होतीस ते आठवतंय ना? तो बेडूक मीच सोडला होता. आता एवढ्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही.)

घर विकताना बाबांनी कशाकशाचा हट्ट धरला नाही. पितळेची भांडी वाटली गेली, झोपाळा आत्याकडे गेला, तुळया घर घेणाऱ्यानेच ठेवून घेतल्या. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "डोणी मी पुण्याला नेणार. गॅलरीत ठेवू, कमळ लावू."

आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे.

टेम्पो ठरला, गावातली चार माणसं ठरली. प्रश्न उरला तो लिफ्टचा. लिफ्टमधल्या पाटीवर लिहिलं आहे, '८ व्यक्ती, ५४४ किलो'. डोणीचं वजन किती? कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढा दगड तोलायला काटा कुठून आणायचा? बाबा विज्ञानाचे निवृत्त मास्तर. त्यांनी चष्मा लावला, टेप काढली आणि वही उघडली.

"काटा कशाला हवा? घनफळ गुणिले घनता."

आठवीत शिकलेलं ते सूत्र! परीक्षेनंतर त्याची गरज पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. डोणी बाहेरून ९० सें.मी. लांब, ५० रुंद, ४० उंच. गुणाकार केला तर १,८०,००० घन सें.मी. आतला खळगा ७४ लांब, ३४ रुंद, ३० खोल, म्हणजे ७५,४८० घन सें.मी. वजा केलं की दगड उरला १,०४,५२० घन सें.मी. दगडाची घनता बाबांनी धरली अडीच, म्हणजे एका घन सेंटिमीटरला अडीच ग्रॅम. उत्तर आलं २६१ किलो. त्यात प्रत्येकी ६५ किलोची चार माणसं, म्हणजे २६०. ट्रॉलीचे १५. एकूण ५३६ किलो.

"बसतंय," बाबा म्हणाले. आठ किलो शिल्लक राहिल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

(भौतिकशास्त्रवाल्यांनी लगेच कान पकडू नयेत. सूत्रातून येतं ते वस्तुमान, वजन नव्हे, हे मला माहीत आहे. पण डोणी पृथ्वीवरच राहणार असल्यामुळे मी बोलीभाषेतला 'वजन' हाच शब्द वापरणार आहे.)

त्या रात्री मला झोप येईना. बाबांची 'अडीच' आली कुठून, हा विचार डोक्यातून जात नव्हता. आणि अशीच एक 'अडीच' मी पूर्वी वाचलेल्या एका गोष्टीत होती, तेही आठवलं. ती गोष्ट डोंगराच्या वजनाची आहे. आज मुख्यतः तीच सांगायची आहे.

न्यूटनने सांगितलं की प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते. मग डोंगरानेही ओढायला हवं. डोंगराच्या पायथ्याशी ओळंबा धरला तर तो अगदी सरळ खाली न लटकता किंचित डोंगराकडे झुकायला हवा. न्यूटनने स्वतःच याचा हिशेब करून पाहिला होता आणि हे झुकणं फारच थोडं असेल, असं त्याला दिसलं होतं. पण ते थोडं झुकणं मोजता आलं तर एक मोठंच घबाड हाती लागणार होतं. ओळंब्याला खाली ओढते पृथ्वी आणि बाजूला ओढतो डोंगर. डोंगराचं वस्तुमान माहीत असेल तर झुकण्याच्या प्रमाणावरून पृथ्वीचं वस्तुमान काढता येईल. थोडक्यात, पृथ्वी तोलायच्या तराजूत डोंगर हे माप.

पहिला प्रयत्न केला फ्रेंचांनी. पिएर बूगे १७३८ मध्ये आजच्या इक्वेडोरमधल्या चिंबोराझोच्या बर्फात आणि वाऱ्यात ओळंबा धरून बसला होता. झुकणं दिसलं, पण आकडा भरवशाचा नव्हता. तरी पृथ्वी आतून पोकळ नाही एवढं त्यातून दिसलं. हे आज हास्यास्पद वाटेल, पण धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीने त्याआधी पृथ्वी आतून पोकळ असल्याची कल्पना गंभीरपणे मांडली होती.

पुढे १७७२ मध्ये इंग्लंडचा राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन याने रॉयल सोसायटीपुढे हाच प्रयोग नीट करायचा प्रस्ताव ठेवला. सोसायटीने समिती नेमली. १७६९ च्या शुक्राच्या अधिक्रमणासाठी मिळालेल्या पैशांतले काही उरले होते, ते कामी आले. आता सोयीचा डोंगर हवा होता. तो एकटा उभा असावा, आकार सुबक असावा, आजूबाजूला दुसरे मोठे डोंगर नसावेत आणि उत्तर व दक्षिण बाजू उताराच्या असाव्यात. अशा डोंगराच्या शोधात चार्ल्स मेसनला १७७३ च्या उन्हाळ्यात पाठवलं. त्याला सापडला स्कॉटलंडमधला शिहॅलियन, उंची १०८३ मीटर. म्हणजे आपल्या सिंहगडाहून कमी, असं म्हणायचा मोह मला झाला होता, पण सिंहगड त्याहून दोन-तीनशे मीटरनेच जास्त आहे.

मेसनने पुढचं काम घ्यायला नकार दिला. शेवटी १७७४ मध्ये राजज्योतिषी स्वतःच डोंगरावर जाऊन राहिला. आधी दक्षिण उतारावर आणि मग उत्तर उतारावर छोटी वेधशाळा थाटली. माथ्यावरून जाणाऱ्या ताऱ्यांचे वेध घ्यायचे आणि ओळंब्याच्या दिशेशी त्यांचा कोन मोजायचा, असं काम होतं. हवा कशी? अंगावर घोंगडी, बाहेर पाऊस आणि वर ढग. तारा दिसण्याची वाट पाहण्यातच कित्येक रात्री जायच्या.

दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांत ताऱ्यांवरून ५४.६ विकलांचा फरक आला. एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक विकला, एवढं हे बारीक काम. तेच अंतर जमिनीवर साखळीने आणि त्रिकोण मोजून काढलं, तेव्हा फरक यायला हवा होता सुमारे ४३ विकला. उरलेल्या ११.६ विकला कुणाच्या? डोंगराच्या. उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून डोंगराने ओळंबा आपल्याकडे ओढला होता.

काम संपल्यावर डोंगरावर मेजवानी झाली आणि त्या धामधुमीत राहायची झोपडी जळली. सोबत मदतनीस पोराचं व्हायोलिनही जळालं. मॅस्केलिनने नंतर लंडनहून त्याला नवं व्हायोलिन पाठवलं, असं सांगतात. मला हा राजज्योतिषी तेव्हापासून आवडायला लागला.

आता खरा हिशेब सुरू झाला. डोंगराचं वस्तुमान किती? बाबांच्या वहीतलंच सूत्र: घनफळ गुणिले घनता. पण डोंगर काही डोणीसारखा चौकोनी नसतो. मोजणीदारांनी डोंगरावरच्या आणि आसपासच्या शेकडो ठिकाणांची उंची मोजून आणली होती. त्या आकड्यांचा ढीग गेला चार्ल्स हटन नावाच्या गणितज्ञाकडे. हा न्यूकॅसलच्या कोळसा खाणकामगाराचा मुलगा. लहान वयात तो स्वतः खाणीत राबला होता आणि पुढे स्वतःच्या हिमतीवर वुलिचच्या लष्करी अकादमीत गणिताचा प्राध्यापक झाला होता.

हटनने नकाशावर डोंगराचे उभे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याची उंची किती आणि तो ओळंब्याला किती ओढेल, हे वेगवेगळं काढून बेरीज करायची. आकडे नकाशावर विखुरलेले, डोळ्यांना काही अर्थ लागेना. मग त्याने एक साधी युक्ती केली. सारख्या उंचीचे बिंदू रेघेने जोडले, आणि त्या रेघांमधून डोंगर कागदावर उभा राहिला! भूगोलाच्या पुस्तकात आपण ज्या समोच्च रेषांवर वैतागायचो, त्याच हटनने इथे वापरल्या, डोंगराचं घनफळ काढताना.

१७७८ मध्ये हटनचं उत्तर तयार झालं. पृथ्वी आणि डोंगर यांची घनता सारखी असती तर ओळंबा सुमारे २१ विकला झुकायला हवा होता. झुकला फक्त ११.६. म्हणजे पृथ्वी सरासरी डोंगराच्या ९/५ पट घन आहे. आता डोंगराची घनता किती धरायची? हटनने धरली पाण्याच्या अडीच पट. त्यावरून पृथ्वीची घनता आली साडेचार.

तीच ती 'अडीच'!

पायाखालचा दगड अडीच-तीन पट आणि सबंध पृथ्वी साडेचार पट. मग आत दगडापेक्षा फार जड काहीतरी असलंच पाहिजे. हटन म्हणाला, आत धातू असणार, आणि त्या धातूच्या गोळ्याचा व्यास पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे ६५ टक्के असणार. आज आपल्याला माहीत आहे की पृथ्वीचा गाभा धातूचा आहे आणि त्याचा व्यास सुमारे ५५ टक्के आहे. स्कॉटलंडच्या एका ओल्या डोंगरावर ओळंबा धरून माणसाने पृथ्वीच्या पोटात डोकावून पाहिलं होतं.

तरी साडेचार हा आकडा कमीच होता. आज मानली जाणारी पृथ्वीची सरासरी घनता आहे ५.५१. हटनचं उत्तर जवळपास वीस टक्क्यांनी चुकलं. त्याचं एक कारण ती धरून चाललेली अडीच. घनफळासाठी दोन वर्षं मोजणी आणि पुढे दोन वर्षं आकडेमोड. घनता मात्र 'साधारण दगड असतो तेवढी'. पुढे १८०१ मध्ये जॉन प्लेफेअरने शिहॅलियनचे खडक खरोखर तपासले. ते अडीचपेक्षा जड निघाले आणि पृथ्वीचा आकडा वर सरकला. दरम्यान १७९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने डोंगराऐवजी शिशाचे गोळे घेऊन खोलीतच प्रयोग केला आणि ५.४८ हे उत्तर दिलं, आजच्या आकड्याच्या अगदी जवळचं. १८२१ मध्ये ८४ वर्षांचा हटन शिहॅलियनच्या हिशेबाची फेरतपासणी व्हावी म्हणून अजून लिहीत होता.

असो. तर पहाटे मी हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, "म्हणजे मी हटन झालो म्हण की!"

डोणीचा एक कोपरा पूर्वीच फुटला होता आणि त्याचा कपचा बाबांनी खिळ्यांच्या डब्यात जपून ठेवला होता. (का, ते विचारू नका.) स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो भरला ४२९ ग्रॅम. मग पातेलं काठोकाठ भरून ताटात ठेवलं, कपचा दोऱ्याने आत सोडला आणि सांडलेलं पाणी औषधाच्या मापाने मोजलं. १५० मिलिलिटर. भागाकार केला, घनता २.८६. आपल्या दख्खनचा काळा दगड लाव्हा थंड होऊन बनलेला, चांगलाच जड. बाबांनी वहीतली अडीच खोडली. १,०४,५२० गुणिले २.८६ म्हणजे २९९ किलो. माणसं आणि ट्रॉली धरून ५७४. लिफ्टच्या पाटीपेक्षा तीस किलो जास्त!

बाबा हरणारे नव्हेत. "दोन माणसं जिन्याने येतील," ते म्हणाले. हिशेब पुन्हा ४४४ वर आला.

तेवढ्यात माझ्या आतेभावाचा फोन आला. तो सिव्हिल इंजिनिअर. आत्याचं सासर हिंगणघाटचं, तो तिथेच लहानाचा मोठा झालेला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मामा, डोणीचं वजन झालं. ती ज्याच्यावर ठेवणार त्याचं काय?"

हे ऐकल्यावर मला गोष्टीचा दुसरा भाग आठवला, आणि तो तर आपल्याच देशातला.

विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे येत राहिला आणि जानेवारी १८२३ मध्ये नागपूरकडे जात असताना हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. (इंग्लंडमध्ये हटन वारला तोही त्याच महिन्यात.) काम पुढे नेलं जॉर्ज एव्हरेस्टने. आणि शिहॅलियनच्या मोजणीतला एक जण, रूबेन बरो, तोही पुढे कलकत्त्याला आला, इथलं जुनं गणित अभ्यासलं आणि १७९२ मध्ये बक्सरला वारला. डोंगर तोलणाऱ्यांचा आणि आपला संबंध असा जुना आहे.

एव्हरेस्टच्या मोजणीत एक खोट निघाली. मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेकडे मुझफ्फरनगरजवळचं कलियाना, या दोन ठाण्यांत सुमारे ६०० किलोमीटर अंतर. त्रिकोण मोजून अक्षांशांतला जो फरक येत होता, त्यापेक्षा ताऱ्यांवरून येणारा फरक ५.२३६ विकलांनी कमी भरत होता. जमिनीवर ही तफावत होते सुमारे १६० मीटर. एवढ्या काळजीने केलेल्या कामात ती चालण्यासारखी नव्हती.

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट हे केंब्रिजला गणित शिकलेले धर्मगुरू. त्यांच्या मते हे काम हिमालयाचं असणार. कलियाना हिमालयाला जवळ, तिथला ओळंबा जास्त झुकणार. त्यांनी हटनचाच मार्ग धरला. हिमालयाचं आणि पलीकडच्या पठाराचं घनफळ काढलं, त्याला दगडाच्या घनतेने गुणलं आणि ओढ किती ते मांडलं. उत्तर आलं १५.८८५ विकला. पाहिजे होती पाच आणि आली जवळजवळ सोळा, तिप्पट! हिमालय दिसतो तेवढ्या जोराने ओढतच नव्हता. प्रॅटने १८५५ मध्ये हे उत्तर जसं आलं तसं छापलं. मला यात त्यांचं मोठेपण वाटतं. आकडा जुळवून घेण्यासाठी घनता थोडी कमी धरणं काही अवघड नव्हतं.

लगोलग तेव्हाचा राजज्योतिषी जॉर्ज एअरी याने उत्तर सुचवलं. पाण्यावर ओंडक्यांचा तराफा तरंगतो आहे असं समजा. जो ओंडका पाण्याच्या वर जास्त दिसतो, तो पाण्याखालीही जास्त खोल असतो. डोंगरही तसेच आहेत. त्यांची हलक्या दगडाची मुळं खाली जड थरात खोल रुतलेली असतात. वरच्या डोंगराची ओढ असते, पण खाली जड दगडाच्या जागी हलका दगड असल्यामुळे तेवढी ओढ कमी होते. प्रॅटने पुढे १८५९ मध्ये वेगळं उत्तर दिलं: डोंगराखालचा दगडच कमी घनतेचा असतो. आज दोन्ही कल्पना वापरल्या जातात. हिमालयाच्या बाबतीत एअरीची मुळं खरी ठरली. तिथलं भूकवच सुमारे ७० किलोमीटर जाड आहे, म्हणजे इतर ठिकाणच्या जवळजवळ दुप्पट.

म्हणजे हटनचं घनफळ चोख होतं, घनता अंदाजे होती. प्रॅटची घनताही ठीक होती. राहिलं होतं ते डोंगराच्या खाली बघायचं.

आतेभावाने विचारलं तेही तेच होतं. त्याने फोनवरच हिशेब सांगितला. डोणी २९९ किलो, त्यात पाणी भरलं तर आणखी ७५. एकूण ३७४ किलो, आणि टेकणार जेमतेम ०.४५ चौरस मीटरवर. चौरस मीटरला ८३० किलोच्या वर. राहत्या खोलीची फरशी साधारण २०० किलोचा भार धरून बांधतात, गॅलरी ३०० चा. "लगेच पडेल असं नाही म्हणत मी, मामा. पण बाहेर काढलेली गॅलरी आहे, बिल्डिंग तीस वर्षांची आहे आणि खाली मुलं खेळतात."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. वहीत ३७४ भागिले ०.४५ त्यांनी स्वतः करून पाहिलं. मग वही मिटली. त्यांच्यासमोर तेव्हा बसवेना, म्हणून मी उगाच भाजी निवडायला घेतली. घर गेलं, गोठा गेला आणि मागितलेली एकच वस्तू त्यांच्याच सूत्राने त्यांना नाकारली होती. मला वाटलं, ते म्हणतील की राहू दे तिथेच.

संध्याकाळी ते खाली फिरायला गेले आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना घेऊनच वर आले. डोणी आता फाटकाशेजारी, बदामाच्या झाडाखाली जमिनीवर आहे. खाली थेट माती, मग मुरूम, मग तोच काळा कातळ, तेव्हा भाराचा प्रश्न नाही. कमळ काही लागलं नाही. भटकी कुत्री पाणी पितात, दुपारी साळुंक्या आंघोळ करतात आणि वॉचमनची धाकटी पोर हात घालून बसते. रोज सकाळी दोन बादल्या पाणी बाबा स्वतः ओततात.

वहीतलं ते पान मी फोटो काढून ठेवलंय. खोडलेली अडीच, वर २.८६, आणि अगदी तळाला आजच मला दिसलेली बाबांच्या अक्षरातली एक ओळ: 'खाली काय आहे ते आधी पाहावे.'

तुमच्याकडे अशी न तोललेली एखादी वस्तू असेल तर मापं घ्या आणि कळवा. कपचा मात्र जपून ठेवा.